इंजिन, पंप आणि नदी : कोल्हापूर परिसरातील स्वदुरुस्तीची परंपरा व जेट बोट

प्रस्तावना

कोल्हापूरच्या औद्योगिक इतिहासाच्या लेखनात कारखान्यांची स्थापना, संस्थानचा आश्रय, सहकार आणि भांडवल या घटकांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. ते स्वाभाविकच आहे. कारखाना आपल्या मागे दस्तऐवज ठेवतो. नोंदणीपत्र, ताळेबंद, जाहिरात, प्रसंगी गौरवग्रंथही ठेवतो. दुरुस्ती मात्र असे काही ठेवत नाही. ऐन उन्हाळ्यात नदीकाठचे बंद पडलेले इंजिन रात्रीतून खोलून सकाळी चालू करणाऱ्या मिस्त्रीने कोणती मापे घेतली, कोणता सुटा भाग लेथवर नव्याने करून घेतला आणि मूळ रचनेत काय बदल केला, याची नोंद कोणीही करीत नाही. त्यामुळे यंत्र निर्माण करणाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला आणि यंत्र जिवंत ठेवणाऱ्यांचा इतिहास ऐकीव राहिला.

प्रस्तुत निबंधात हा दुसरा इतिहास एका अनपेक्षित यंत्राच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. ते यंत्र म्हणजे जेट बोट. हौशी जलविहारासाठी वापरली जाणारी ही नौका मालकानेच स्वतः दुरुस्त करावी, सुधारावी, अशी परंपरा न्यूझीलंडमध्ये रुजली. वरवर पाहता तिचा पंचगंगेच्या काठाशी संबंध नाही. परंतु तिचे अंतरंग उघडून पाहिले असता आत जे दिसते, ते या भागातील शेतकऱ्याच्या दोन-तीन पिढ्यांनी रोज हाताळलेले आहे : एक इंजिन आणि त्याला जोडलेला एक पंप. तेच इंजिन, तोच पंप आणि भरपूर पाणी असताना हा संच येथे काठावरच का राहिला, नदीत का उतरला नाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

जेट बोट : पंपाचे दुसरे रूप

पाणी मागे फेकून नौका पुढे नेण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६६१ साली टूगुड व हेज यांना अशा प्रकारच्या योजनेचे पेटंट मिळाले. अमेरिकेत जेम्स रम्सी याने १७८७ मध्ये पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपाने चालणारी नौका चालवून दाखविली. ब्रिटिश आरमाराने १८६६ साली ‘वॉटरविच’ ही जलझोतावर चालणारी युद्धनौका पाण्यात उतरविली. तरीही पुढील जवळजवळ नव्वद वर्षे सर्वत्र पंख्याचेच, म्हणजे प्रॉपेलरचेच राज्य राहिले. खोल पाण्यात पंखा अधिक कार्यक्षम असतो, हे त्याचे साधे कारण.

उथळ पाण्यात मात्र चित्र पालटते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्या गोट्यांच्या रुंद पात्रातून अनेक धारांनी वाहतात आणि त्यांत कित्येक ठिकाणी गुडघाभरही पाणी नसते. तेथील विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) हा मेंढपाळीचा व्यवसाय करणारा शेतकरी. आयरिशमन क्रीक या आपल्या कुरणावर त्याने स्वतःची कार्यशाळा उभारली होती. वीज, माती उकरण्याची यंत्रे, जे लागेल ते तेथेच तयार करावयाचे, असा त्याचा खाक्या. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याने अमेरिकेतील हॅन्ले हायड्रोजेट या रचनेवरून एक संच बनविला. त्यात पंपाने ओढलेले पाणी बोटीच्या तळाखालून बाहेर फेकले जाई. परिणाम निराशाजनक होता. पाण्याची तोटी तळाखाली न ठेवता मागील फळीवर, जलरेषेच्या किंचित वर न्यावी, ही सूचना कार्यशाळेतील एका कामगाराने केली आणि तिने सारे बदलले. १९५४ च्या सुमारास तयार झालेली पहिली बोट ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावली. हा वेग फार नव्हे. पण बोटीच्या तळाखाली आता काहीच लोंबत नव्हते.

१९६० मध्ये हॅमिल्टनच्या बोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमधून प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. भारतीय वाचकाला अधिक जवळची घटना १९७७ सालची आहे. सर एडमंड हिलरी यांच्या ‘सागर ते आकाश’ मोहिमेत तीन जेट बोटी गंगासागरहून निघून गंगेच्या व पुढे अलकनंदेच्या प्रवाहाविरुद्ध नंदप्रयागच्या परिसरापर्यंत पोहोचल्या. तेथे धबधब्याने वाट अडविली.

या साऱ्या घडामोडींत इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावी अशी बाब म्हणजे जेट बोटीचा उगम नौकाबांधणीच्या गोदीत झाला नाही. तो शेतावरच्या कार्यशाळेत, पंपाशी झटापट करणाऱ्या माणसांच्या हातून झाला. आणि निर्णायक सुधारणा सुचली तीही मालकाला नव्हे, कामगाराला. साहजिकच तिच्या वापरकर्त्यांनीही तिला पवित्र वस्तू मानले नाही. मोडीत निघालेल्या मोटारीचे इंजिन काढावे, घरच्या शेडमध्ये प्लायवूडचा किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा तयार करावा, जेटचा संच विकत आणून बसवावा आणि रविवारी नदीवर न्यावे, ही त्या देशातील प्रचलित रीत झाली.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील इंजिन

असाच शेती आणि कार्यशाळा यांचा संयोग दक्षिण महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी घडला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे लोखंडी नांगर आला, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने १९१० साली कुंडलनजीकच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. उसाचे चरक, पाण्याचे पंप ही तेथील पुढील उत्पादने होत. १९२६ मध्ये तेथे सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात स्थापन झाली. त्याआधी साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिनाच्या निर्मितीत पाऊल टाकले होते. म्हणजे कोल्हापूरच्या चहूबाजूंना इंजिन आणि पंप घडत होते.

कोल्हापुरात त्यांची मागणी निर्माण केली ती उसाने. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काचे ठिकाण मिळाले. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे कामही त्यांच्याच काळात सुरू झाले. ऊस वाढला तशी मोट अपुरी पडू लागली. नदीकाठावर इंजिन-पंपाचे संच बसले. तेच इंजिन सुगीनंतर पट्टा बदलून गुऱ्हाळाच्या चरकाला जोडावे, कधी पिठाच्या गिरणीला जोडावे, असा त्याचा बहुरूपी संसार होता. अशा इंजिनाला काम नाही असा महिना नव्हता, आणि म्हणूनच बंद पडण्याची त्याला मुभाही नव्हती.

कारखान्याचा दुरुस्तीवाला येईपर्यंत उभा ऊस वाळला असता. ही निकड हीच कोल्हापूरच्या यंत्रविद्येची खरी जननी होय, असे म्हणावे लागते. शिवाजी उद्यमनगरातील लहान लहान कार्यशाळांमधून सिलिंडरला बोअर मारणे, क्रँक घासून देणे, बुश पाडणे, पिस्टन व कड्या बदलणे ही कामे होऊ लागली. सुटा भाग मिळत नाही तर तो ओतून घ्यावा, यातून ओतकाम वाढले. भाग ओतता येतात तर अख्खे इंजिनच का करू नये, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. पुढे विजेच्या मोटारींनी नदीकाठचे ऑइल इंजिन मागे हटविले, तेव्हा हेच फौंड्रीचे कौशल्य मोटार उद्योगाच्या सुट्या भागांकडे वळले आणि शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती त्यावर उभ्या राहिल्या. येथे दुरुस्ती ही उत्पादनाच्या मागून आलेली दुय्यम गोष्ट नाही. बहुतेक ठिकाणी ती उत्पादनाच्या आधीची पायरी आहे.

ही वृत्ती केवळ शेतीपुरती मर्यादित नव्हती. चित्रकार बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कोल्हापुरातच चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला, हे सर्वश्रुत आहे. चित्रपटाच्या इतिहासात त्याचे कौतुक कलेच्या अंगाने होते. तो लेथचाही पराक्रम होता, हे क्वचितच सांगितले जाते.

दुरुस्तीचे शास्त्र

मिस्त्रीचे ज्ञान ‘अनुभवाचे’ म्हणून बाजूला सारण्याची शैक्षणिक सवय आहे. पंप आणि जेट बोट यांची देखभाल शेजारी शेजारी ठेवली असता या ज्ञानाची नेमकी रचना स्पष्ट होते.

सेंट्रिफ्युगल पंपाच्या पोटात फिरणारे चक्र म्हणजे इंपेलर. त्याच्या तोंडाशी बिडाची किंवा गनमेटलची एक कडी बसते; तिला वेअर रिंग म्हणतात. इंपेलर आणि कडी यांतील फट अत्यल्प असावी लागते. नदीचे गढूळ, वाळूमिश्रित पाणी ही फट हळूहळू रुंदावते. मग पुढे फेकलेले पाणी त्या फटीतून मागे येऊ लागते, इंजिन तितकेच राबते आणि पाटात पाणी मात्र कमी पडते. शेतकरी म्हणतो, पंप ‘उतरला’. जेट बोटीत नेमके हेच घडते. तिचा इंपेलर एका गोल कवचात फिरतो आणि त्याच्या कडा व कवच यांतील फट सामान्यतः मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. वाळूने ती वाढली की इंजिनाचे फेरे वाढतात, पण बोट ओढत नाही. उपायही एकच आहे : झिजलेली कड वेल्डिंगने भरून घ्यावी, लेथवर मापात आणावी, तोल तपासावा, किंवा कडीच बदलावी. न्यूझीलंडमधील हौशी मालक हिवाळ्यात आपल्या शेडमध्ये जे करतो, ते उद्यमनगरात व्यवसाय म्हणून चालत आले आहे.

दुसरा विकार हवेचा. सक्शन पाइपाच्या जोडातील वॉशर कुजला की पंप हवा घेतो आणि पाणी सोडतो. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर पंप पाण्याने भरूनच चालू करावा लागतो. त्यासाठी शेणकाला ओतून गळती तात्पुरती बुजविण्याची युक्ती शेतकऱ्यांनी शोधून काढली. ती कोणत्याही पुस्तिकेत नाही, पण ती पाण्याच्या दाबाची आणि शेणातील तंतूंची अचूक जाण दाखविते. जेट बोटीचा पंप जलरेषेच्या खाली असल्याने त्याला असे भरावे लागत नाही. मात्र तळाच्या जाळीवर शेवाळ, गवत वा पालापाचोळा बसला, किंवा तळाशी जोड सैल झाला, की तोही हवा घेतो आणि जोर एकाएकी नाहीसा होतो. इंजिन बंद करून वरचे झाकण उघडावे, हात घालून जाळी साफ करावी, हा चालकाचा पहिला धडा असतो. इंजिन बंद न करता तेथे हात घालणे म्हणजे हात गमावणे होय.

ग्लँडचे उदाहरण तर फारच बोलके आहे. दांडा पंपातून बाहेर येतो तेथे वंगणात भिजविलेली दोरी गुंडाळून ती दाबून बसवितात. नवशिका गळती पूर्ण थांबावी म्हणून नट आवळत जातो. दोरी जळते आणि दांड्याला खाचा पडतात. जाणता मिस्त्री थेंब थेंब पाणी पडू देतो, कारण तोच दांड्याचा थंडावा आहे. जुन्या जेट संचांतही हीच दोरी असे. अलीकडे तेथे मेकॅनिकल सील आले, तसे ते पंपातही आले. किती गळू द्यावे हे ठरविणे, हे ज्ञान मोजपट्टीपेक्षा नजरेत व बोटांत असते. ते शिकविण्याचा मार्ग म्हणजे शेजारी बसविणे.

सुधारणेच्या बाबतीतही हीच समांतरता आढळते, पण येथे परंपरेच्या मर्यादाही उघड होतात. पाणी वाढावे म्हणून पंपावरची पुली लहान करावयाची, हा नदीकाठचा सर्वांत सोपा बदल. पंपाचे फेरे वाढले की पाणी त्याच प्रमाणात वाढते. लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी वाढविले तर शक्ती सुमारे ३३ टक्के अधिक लागते. हे ध्यानात न घेतल्याने किती इंजिने काळा धूर ओकत अकाली निकामी झाली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जेट बोटीत पुली नसते, इंजिन बहुधा थेट पंपाला जोडलेले असते. म्हणून तेथे इंजिन बदलले की इंपेलरच्या पात्यांचा कोनही बदलावा लागतो. अधिक ताकदीचे इंजिन बसवून जुनाच इंपेलर ठेवणारा हौशी मालक आणि पुली लहान करणारा शेतकरी एकाच चुकीचे धनी आहेत.

फरक आहे तो परिणामांत. काठावरचे इंजिन थांबले तर पाटाचे पाणी थांबते. जेट बोटीला सुकाणू नसते. मागे जाणाऱ्या झोताची दिशा बदलूनच ती वळते. झोत थांबला की वळणेही थांबते, आणि प्रवाहाच्या मध्यावर ती ओंडक्यासारखी वाहू लागते. शिवाय पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते. मोटारीचा साधा स्टार्टर तेथे बसविल्यास एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. या कारणाने बोटीतील बदल ही निव्वळ मालकाची खासगी बाब राहत नाही. भारतात १९१७ च्या अंतर्देशीय जलवाहतूकविषयक कायद्याची जागा आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली असून यंत्रचलित नौकेला तपासणी व नोंदणी बंधनकारक आहे. येथील मिस्त्रीच्या परंपरेला अशा तपासणीची सवय नाही, हे मान्य करावयास हवे.

नदी असूनही बोट नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. इंजिन होते, पंप होता, ते सुधारणारे हात होते. मग बोट का झाली नाही?

पहिले कारण नदीच्या रचनेत आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि परंपरेने मानलेली गुप्त सरस्वती यांनी मिळून झालेली पंचगंगा प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत जाऊन कृष्णेला मिळते. या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताच दगडी खांबांच्या खाचांत बर्गे घालून पाणी अडवावयाचे आणि पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढावयाचे, ही त्यांची पद्धत. शेतीच्या दृष्टीने ही योजना अत्यंत यशस्वी ठरली, इतकी की या बंधाऱ्यांना जिल्ह्याचे नाव मिळाले. परंतु तिने नदीचे रूपांतर एकापुढे एक मांडलेल्या तळ्यांत केले. जो प्रवाह सलग नाही, तो मार्ग होऊ शकत नाही. नदी हा पाण्याचा साठा ठरला, रस्ता नव्हे.

दुसरे कारण सामाजिक आहे आणि ते अधिक विचार करावयास लावते. इंजिन शेतकऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या हाती होते. नाव मात्र नदीकाठच्या कोळी, आंबी अशा समाजांच्या हाती होती. पात्र, भोवरे, उताराची जागा यांचे ज्ञान त्यांच्याकडे, आणि यंत्राचे ज्ञान दुसरीकडे. पूल झाले तशी नावाड्यांची उतारू-वाहतूक ओसरली. मग त्यांच्या नावेला इंजिन बसविण्यात कोण पैसा घालणार? हॅमिल्टनच्या कार्यशाळेत नदी जाणणारा आणि पंप जाणणारा एकाच छपराखाली होता. कोल्हापुरात ते दोघे एकाच नदीच्या काठी राहूनही परस्परांना गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा भेटले नाहीत.

याउलट जेथे पाणी हाच एकमेव मार्ग उरला, तेथे यंत्र चटकन पाण्यात उतरले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने सातारा जिल्ह्यातील खोऱ्यातील गावे तोडली, आणि तापोळा, बामणोली येथे यंत्रचलित बोटी रोजच्या जीवनाचा भाग बनल्या. पर्यटन त्यामागून आले. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आज पर्यटकांना फिरविणाऱ्या जेटस्कीही जलझोतावरच चालतात. तेथे वाळू व खारे पाणी हे दोन्ही शत्रू एकदमच भेटतात. दिवसाअखेर गोड्या पाण्याने संच धुणे चुकले की गंजाला आरंभ होतो.

महापूर आणि बंद इंजिन

हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फूट ७ इंचांवर गेली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. गावेच्या गावे वेढली गेली. बाहेरून आलेली लष्कराची, नौदलाची व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके बोटी घेऊन उतरली. ८ ऑगस्ट रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली बोट उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. काही ठिकाणी गूळ तयार करण्याची काहील हीच नाव झाली. ज्या जिल्ह्यात देशभर जाणारे इंजिनाचे भाग ओतले जातात, तेथे पुरात माणसे काहिलीत बसून बाहेर पडतात, ही विसंगती इतिहासकाराने नोंदविलीच पाहिजे. २०२१ च्या जुलैत महापूर पुन्हा आला.

पुराच्या पाण्यात साध्या बोटीचा पंखा तारा, वेली, उसाचे बुडलेले फड यांत अडकतो. जेट बोटीला बाहेर पंखा नसल्याने पाण्यात पडलेल्या माणसालाही तो लागत नाही. उथळ पाण्याचीही तिला फिकीर नाही. पण उसाचा पाला तिच्या जाळीत बसला की तीही निरुपयोगी होते, आणि पुरात पाला सर्वत्र असतो. म्हणून येथे अमुक बोट उत्तम असा निवाडा देण्यापेक्षा तिची जाळी भर प्रवाहात कोण साफ करणार, हे विचारणे अधिक उचित ठरते.

वर्षातून दोन-चार दिवस लागणारी बोट उरलेले अकरा महिने शेडमध्ये पडून असते. यंत्राला वापरापेक्षा न वापर अधिक मारतो. टाकीतील पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखे चिकटते, बॅटरी उतरते, थंडाव्याच्या पंपातील रबरी पाती एकाच स्थितीत दबून ताठरतात, बेअरिंगमधील ग्रीस सुकते. नदीकाठचे ऑइल इंजिन या व्याधींपासून मुक्त होते, कारण त्याला विश्रांती नव्हती आणि ते बंद पडल्यास ज्याचे नुकसान, तोच त्याच्याजवळ उभा असे. सार्वजनिक मालकीच्या बोटीजवळ असे कोणी उभे नसते.

बंधाऱ्यांच्या बाबतीत मात्र या परिसराने ही अडचण फार पूर्वी सोडविली आहे. मेच्या अखेरीस बर्गे काढावयाचे, मोजावयाचे, कुजलेले बाजूला करावयाचे आणि ऑक्टोबरात पुन्हा खाचांत बसवावयाचे, हे दरवर्षी ठरल्याप्रमाणे होते. त्यासाठी माणसे नेमलेली असतात आणि कोणता बर्गा कोणत्या गाळ्याचा हे त्यांना पाठ असते. पूरप्रवण गावांतील बोट उघडून तिचा इंपेलर हाताने फिरवून पाहावा, जाळी, सील व इंधन तपासावे आणि ती एकदा पाण्यात उतरवून भर वजनासह चालवावी, यासाठीही तोच मे महिना उरतो. बर्गे निघालेले असतात, नदी अजून शांत असते, आणि गुऱ्हाळे बंद झाल्याने मिस्त्रीही मोकळा असतो.